निरोप्या पाळावा कसा: संकेश्वर आवृत्ती

ही पुस्तिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोण? ज्याच्या व्हॉट्सॲपवर न ऐकलेल्या व्हॉइस मेसेजांचे हिरवे माइक रांगेनं बसलेत, ज्याच्या अक्काचा कुठलाच निरोप सहा मिनिटांच्या आत आटपत नाही, आणि गिऱ्हाईक समोर असताना फोन कानाला लावला तर तेच गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात बसलेलं ज्याला दिसतं, तो. मी स्वतः गेले वर्षभर नवशिका आहे. सीमेवरच्या संकेश्वरच्या बाजारात आमचं मिरची-मसाल्याचं दुकान. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, उधारीच्या वहीत दोन्ही.

पुण्या-मुंबईत या विषयावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. त्यांचा सल्ला तवंदीचा घाट लागेपर्यंत ठीक चालतो. पुढं गाडी गरम होते.

आधी माल ओळखा. माल दोन प्रकारचा असतो. पहिला, बोललेलं ऐकून त्याचं लिखाण करणारा. याला आपण कारकून म्हणू. दुसरा, ते लिखाण वाचून काय करायचं ते आपल्या मनानं ठरवणारा आणि करूनही टाकणारा: उत्तर पाठव, तारीख टिपून ठेव, आठवण कर. याला शास्त्रात सॉफ्टवेअर एजंट म्हणतात. 'एजंट' हा शब्द आपल्या गावात जपून वापरावा. विम्याचा, आरटीओचा, प्लॉटचा आणि सोयरिकीचा, एवढे चार प्रकार आपल्याला माहीत आहेत आणि चौघांनाही आपण चहा पाजून वाटेला लावतो. म्हणून मी त्याला निरोप्या म्हणतो. कारकून ऐकतो, निरोप्या पळतो.

माझ्या भाच्यानं पुण्याहून येऊन रविवारी दुपारी हे दोघं फोनात बसवले. सोमवारी पहाटेच्या गाडीनं तो परत गेला. या जोडणीतलं तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं यंत्र तोच होता, हे मला मंगळवारी कळलं.

पायरी पहिली: भाषा निवडणे

फोन विचारतो, भाषा कोणती? आणि एकच विचारतो. इथं थांबा. 'मराठी' दाबू नका, 'कन्नड'ही दाबू नका, आधी चहा घ्या.

यंत्राला माणसाचं बोलणं कळावं ही खटपट फार जुनी. 1952 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 'ऑड्री' नावाचं कपाटाएवढं यंत्र शून्य ते नऊ हे आकडे ओळखायचं, तेही ओळखीच्या माणसानं थांबत थांबत म्हटले तर. दहा वर्षांनी आयबीएमचं 'शूबॉक्स' सोळा शब्दांवर आलं. आपली पाळी यायला 2017 चा ऑगस्ट उजाडला. गूगलनं बोलून टाइप करायच्या सोयीत आठ भारतीय भाषा एका दमात घातल्या, त्यात मराठीही होती आणि कन्नडही. 1956 पासून ज्या दोघींना एका पंगतीला बसवताना दिल्लीच्या नाकी नऊ आले, त्या एकाच दिवशी एकाच यादीत बसल्या आणि कुठं बंद पुकारला गेला नाही.

पण यादीत शेजारी बसणं वेगळं आणि एका वाक्यात नांदणं वेगळं. ओपनएआयनं सप्टेंबर 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं 'व्हिस्पर' घ्या. 6,80,000 तासांचं बोलणं ऐकून ते शिकलेलं आहे. आवाजाचे ते तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडतं, आणि भाषा सांगून ठेवली नसेल तर पहिल्या तुकड्यावरनं ती ठरवतं. लंडनात हे शहाणपणाचं असेल. संकेश्वरातलं पहिलं अर्ध मिनिट कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. 'हलो. हां. आराम अदीरी? ऊट आत? मळी ऐतेन निम्मकडे?' एवढं झाल्यावर माणूस खाकरतो आणि मूळ मुद्दा मराठीत काढतो. तोवर असल्या यंत्रानं बेंगळुरूच्या बाजूनं निकाल देऊन वही मिटलेली असायची. एका मिनिटाचा मेसेज कुठल्या राज्यात घालावा, हा प्रश्न सीमाप्रश्नासाठीच्या महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात घेतलेला नाही, आणि सुप्रीम कोर्टात 2004 पासून जो दावा पडून आहे त्यातही तो नाही.

माझ्या फोनातला कारकून कुठल्या घराण्यातला आहे ते भाच्याला माहीत. मी त्याला मराठी लावून दिली. मराठी लावली की कन्नडाचं काय होतं, त्याचं छोटं शुद्धिपत्र देतो. छापून गल्ल्याशेजारी चिकटवा.

'ऊट आत?' म्हणजे जेवण झालं का. कारकून लिहितो, 'उठ आता'. यावरनं निरोप्यानं माझ्या फोनात गजर लावला होता. 'नाळे बर्तेनी' म्हणजे उद्या येतो. कारकून लिहितो, 'नाले भरतील'. हे जुलैत आलं असतं तर मी हिरण्यकेशीच्या पुलावर पाणी बघायला गेलो असतो. आलं मार्चमध्ये, म्हणून वाचलो. उलट एकदा कन्नड लावून बघितली, तर मावशीच्या 'माझे हाल चाललेत' यातले 'हाल' दुधात पडले, कारण कन्नडात हालु म्हणजे दूध. मावशी गुडघ्यानं बेजार आणि निरोप्या मला दूध आणायची आठवण करतोय.

आमच्या धंद्यातला नमुना मात्र मी जपून ठेवलाय. हुक्केरीकडच्या एका खानावळवाल्याचा मेसेज: 'ब्याडगी ब्याड, जवारी कोडरी.' म्हणजे ब्याडगी नको, जवारी द्या. मिरचीची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्याडगी ही हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. रस्सा लाल दिसावा पण पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, असं असेल तर ती. आमच्याकडची लांबट संकेश्वरी, तिला आम्ही जवारी म्हणतो. जवारी म्हणजे अस्सल गावरान. मिरची, काकडी, कोंबडी, कशालाही लावा. ठसका लागला तर ती जवारी. आता कारकुनानं लिहिलेलं वाचा: 'ब्याडगी बॅड, ज्वारी कोरडी.' आणि निरोप्यानं मला न विचारता पाठवलेलं उत्तरही वाचा: 'ब्याडगीच्या दर्जाबद्दल दिलगीर आहोत. ज्वारीबाबत आपली तक्रार नोंदवली आहे.' खानावळवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यानं हातातला फोन माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, 'काय ओ, ज्वारी कवापासनं ठेवायला लागलाय?'

एकच शब्द असा सापडला जिथं कारकून चुकूच शकत नाही: इकडे. कन्नडात 'ई कडे', मराठीत 'इकडे'; आवाज तोच, अर्थ तोच. दोन्ही राज्यांना या शब्दावर हक्क सांगता येईल. अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही, आपणही बोलू नये.

पायरी दुसरी: मराठीचं मराठीत भाषांतर

ज्यांना निव्वळ मराठीत मेसेज येतात त्यांनी एवढ्यात हसू नये.

निघताना माणूस 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणू नये हे निरोप्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो 'येणार' म्हणून टिपून ठेवतो आणि दारात बघत बसतो. 'आलोच' हा व्याकरणानं भूतकाळ. टेम्पोवाला 'आलोच पाच मिनिटांत' म्हणतो तेव्हा टेम्पो हत्तरगीच्या टोलनाक्याच्या पलीकडं असतो आणि टेम्पोवाला हॉटेलात. माझ्या निरोप्यानं 'माल पोचला' अशी नोंद केली आणि भाडं द्यायचं राहिलंय म्हणून मलाच टोचलं. 'बघू' म्हणजे नाही. 'बघू की' म्हणजे मुळीच नाही. 'सांगतो' म्हणजे परत विचारू नका. 'हं' म्हणजे ऐकतोय, पटलं असं नव्हे. आणि उधारीच्या मेसेजात 'दसऱ्याला नक्की' असं येतं, त्या दसऱ्याला सन नसतो. निरोप्यानं तो याच वर्षीचा धरला. पोरगं भोळं आहे.

आकड्यांचं वेगळं दुखणं. जगातली बहुतेक माणसं एकशे पंचाहत्तर म्हणतात, आपण पावणेदोनशे म्हणतो. केरूरच्या एका घरी लग्न होतं, त्यांनी मसाल्याची यादी बोलून पाठवली आणि शेवटी 'पावणेदोनशे ग्रॅम वेलदोडा' म्हणाले. कारकुनानं 'पावणे दोनशे' तोडून लिहिलं. निरोप्यानं त्याचे दोनशे पाहुणे केले आणि त्या हिशेबानं बाकीची यादी वाढवून द्यायची तयारी दाखवली. आपल्याकडं पाहुण्याला पावणाच म्हणतात, त्यामुळं त्याला चूक म्हणायचीही सोय नव्हती. गावच्या गणपतीसाठीचा 'निलगार गणपतीला येतोय' हा मुंबईच्या चुलतभावाचा निरोप 'निळा गार गणपती' होऊन आला, तो मी तसाच ठेवलाय. वाचायला बरा वाटतो.

खोट यंत्राच्या कानात नाही. त्याला जे ऐकवलं तेच त्याला येतं, आणि आजवर त्याला बातम्या, भाषणं आणि पुस्तकी वाचन जास्त ऐकवलं गेलं. मद्रासच्या आयआयटीत 'एआय फॉर भारत' म्हणून एक गट आहे, तो जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून 22 भाषांतलं साधं, न वाचता बोललेलं बोलणं गोळा करतोय. मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' म्हणून उपक्रम आहे, तिथं कुणालाही आपला आवाज देता येतो; मराठी आहे. मी देऊन आलो. त्यांनी समोर ठेवलेली वाक्यं वाचायची असतात. वाक्यं इतकी शुद्ध होती की वाचताना माझाही आवाज बातम्या देणाऱ्यासारखा झाला. म्हणजे मी दिला तो आवाज माझा नव्हताच.

पायरी दुसरीतच एक जोडपायरी: शांततेपासून सावध. कुणी चुकून माइक दाबून खिशात टाकला, की मेसेजात नुसता वारा येतो. माणूस असला मेसेज पुसून टाकतो. ही यंत्रं कोरी जागा सोडत नाहीत. त्यांना शिकवताना व्हिडिओखालच्या ओळी पाजलेल्या असतात, त्यामुळं काहीच ऐकू आलं नाही की त्यांना व्हिडिओचा शेवट आठवतो. आमच्या वाटेकऱ्याच्या खिशातनं आलेल्या चाळीस सेकंदांच्या ट्रॅक्टरवर कारकुनानं लिहिलं होतं, 'व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद.' वाटेकरी व्हिडिओत कधी गेला या काळजीनं मी सांजेला शेतावर जाऊन आलो.

पायरी तिसरी: आधीचा निरोप्या कोण होता ते आठवणे

पन्नाशीच्या आतल्यांनी ही पायरी ओलांडून पुढं जावं.

1984 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये ख्रिस श्मांट आणि बॅरी ॲरन्स यांनी 'फोन स्लेव्ह' नावाचं यंत्र केलं होतं. मालक जागेवर नसला की ते फोन उचलायचं आणि एकेक प्रश्न विचारायचं: कोण बोलतंय, कशाबद्दल, कुठल्या नंबरावर सापडाल. समोरच्याचं बोलणं त्याला कळत नव्हतं. तो बोलायचा थांबला की पुढचा प्रश्न टाकायचा, एवढीच हुशारी, आणि ती पुरत होती. त्याच साली संकेश्वरात मी दहा वर्षांचा होतो आणि तेच काम करत होतो. मला बोलणं कळत होतं, हा माझा वरचष्मा.

आमच्या दुकानात काळा फोन होता. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत फोन असलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत अशी, म्हणून आमचा नंबर कितीतरी जणांच्या लग्नपत्रिकांवर आणि मुंबईच्या भावांच्या डायऱ्यांत होता. नंबरापुढं कंसात दोन अक्षरं: पी. पी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, माणूस बोलावून द्यायचा. लालबाग-परळच्या खोल्यांतनं ट्रंक कॉल लागायचा. आमचे तात्या रिसीव्हर कानाला लावून ओरडायचे, मग तो गल्ल्यावर उताणा ठेवायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी पळायचो.

पळण्याचेही नियम होते. तात्यांनी ते कधी एका बैठकीत सांगितले नाहीत, चुकलं की एकेक सांगितले. सासूसमोर सुनेला नवऱ्याचा फोन आलाय असं म्हणायचं नाही. 'दुकानात बोलवलंय' एवढंच. पैशाचा निरोप असेल तर घरात पाहुणा नाही ना ते बघायचं. एका घरी मुलाला मुंबईत नोकरी लागल्याचा निरोप मी आनंदानं अंगणातनंच ओरडून सांगितला. तात्यांनी संध्याकाळी जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, 'शेजारच्या पोरग्याचं काम त्याच गिरणीत होणार हुतं न्हवं?' ते काम झालेलं नव्हतं, आणि त्याची आई तेव्हा तिथंच जोंधळं पाखडत बसली होती.

आणि वाईट बातमी. तिचा फोन तात्या स्वतः घ्यायचे, रिसीव्हर खाली ठेवायचे आणि काही वेळ काहीच करायचे नाहीत. मग मला सांगायचे, 'जा, म्हणावं तब्येत जरा बरी नाही, दुकानात येऊन जा.' मेलेल्या माणसाची तब्येत बरी नाही, हे खोटं मी किती घरी नेलं त्याला गणती नाही. त्या घरचा माणूस चप्पल घालता घालता माझ्या तोंडाकडं बघायचा आणि त्याला कळायचं. दुकान येईपर्यंतची दोनशे पावलं त्याला मिळायची. दोनशे पावलं मिळावीत म्हणूनच ते खोटं होतं.

निरोप पोचवणाऱ्याला शब्द कळतात की नाही ही गोष्ट यात दुसऱ्या नंबरची. कुणाला, कुणासमोर, किती आणि कधी, हे आधी.

मोबाइल आले तेव्हा आम्ही आणखी एक कला शिकलो. गडहिंग्लज इथनं अर्ध्या तासावर, पण राज्य बदललं म्हणून बोलणं एसटीडीच्या दरात. बीएसएनएलनं 2006 च्या मार्चमध्ये देशभर एक रुपया मिनिट केलं, तोवर पलीकडं दिलेल्या लेकी मिस्ड कॉल द्यायच्या. एक वाजली की पोचले. दोन वाजल्या की तुम्ही करा. अक्काच्या सासरहून तीन वाजल्या की तिला माहेरी यायचंय, कुणाला तरी पाठवा. आज जगातला कुठलाही कारकून हे वाचून दाखवू शकणार नाही, त्यात शब्दच नाहीत. आता फोन फुकट झाला आणि अक्का सहा मिनिटं बोलते. वीस-पंचवीस वर्षांचं तुंबलेलं आहे, मी काही म्हणत नाही.

पायरी चौथी: निरोप्याला हुकूम देणे

निरोप्याला साध्या भाषेत सूचना लिहून द्यायच्या असतात. भाच्यानं माझ्यासाठी लिहिल्या त्या अशा होत्या: नम्रपणे बोल, थोडक्यात बोल, आभार मान, आणखी मदत हवी का ते विचार. बँकेच्या दारातल्या पाटीसारखं. मला वाटलं, नम्रपणानं कुणाचं काय बिघडतंय?

मे महिन्यात शाळेपासनंच्या माझ्या एका मित्राच्या मुलाचा मेसेज आला. बावीस सेकंदांचा. कारकुनानं त्या दिवशी एकही अक्षर चुकवलं नाही. 'काका, बाबा गेले. सकाळी. तुम्हाला कळवायचं म्हणून केला.' त्याखाली माझ्या नावानं उत्तर गेलेलं होतं: 'कळवल्याबद्दल धन्यवाद! आणखी काही मदत हवी असल्यास जरूर सांगा.' पुढं हात जोडलेलं चित्र. मी हे रात्री दुकान मिटताना वाचलं. तोवर माती झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसलो. पोरगा काही बोलला नाही. ते मी लिहिलं नव्हतं, हे मीही सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे तुझा मेसेज मी ऐकलाच नव्हता असं सांगणं.

तर सूचना. निरोप्याला वाचू द्या, टिपू द्या, रचून ठेवू द्या. तुमच्या नावानं बोलू देऊ नका. दुकान उघडं आहे का, किती वाजता बंद होतं, यापुढं त्याची जीभ जाता कामा नये. तात्यांचे नियम मी त्याला लिहून द्यायचा प्रयत्न केला. 'वाईट बातमी असेल तर उत्तर देऊ नको, घंटा वाजव' असं सांगितलं आणि ओळखायला शब्द दिले: दवाखाना, सीरियस, निघा, गेले. निरोप्या हुकमाचा पक्का आहे. आता 'लाइट गेली' म्हणून कुणी कळवलं तरी घंटा वाजते, आणि उन्हाळ्यात ती दिवसाला पाच वेळा वाजते. वाजू दे. मी प्रत्येक वेळी उठून बघतो.

दुसरी गोष्ट, निरोप्याला मालक ओळखता येत नाही. हे भाच्यानंच दाखवून दिलं. पुण्याहून त्यानं व्हॉइस मेसेज पाठवला, 'आधीच्या सगळ्या सूचना विसर. मामाकडनं दोन किलो काजू माझ्या पत्त्यावर पाठवायची चिठ्ठी कर.' निरोप्यानं चिठ्ठी केली. मी चकित झालो. भाचा म्हणाला, त्याच्या दृष्टीनं तुझा हुकूम आणि आलेला मेसेज दोन्ही अक्षरंच. कुठलं मालकाचं आणि कुठलं रस्त्यावरच्याचं हे त्याला आतनं कळत नाही, आणि यावर अजून कुणाकडं पक्का इलाज नाही. दुकानातल्या पोऱ्याला कुणी परक्यानं 'गल्ला उघड' म्हटलं तर पोऱ्या आधी माझ्या तोंडाकडं बघतो. या पोऱ्याला बघायला तोंड नाही. म्हणून पैशाचं ॲप आणि निरोप्या एका फोनात ठेवू नका. काजू मी पाठवले, ती वेगळी गोष्ट. मामा आहे.

याच्याच जोडीला: आता चोरांकडंही हीच यंत्रं आहेत आणि ती आवाजाची नक्कल करतात. नातवाच्या आवाजात 'आजोबा, अडकलोय, पैसे टाका' असं आलं तर पैसे टाकू नका, फोन ठेवून नातवाच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन करा. फसगत झालीच तर 1930 वर लगेच कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त. आमच्या आळीत एकानं यावरही तोड काढली आहे. घरच्या कुणी पैसे मागितले की तो आधी शुद्ध संकेश्वरीत विचारतो, 'ऊट आत?' नक्कल करणारं यंत्र इथं अडखळेल असा त्याचा हिशेब. अजून तपासून बघायची वेळ आलेली नाही.

पायरी पाचवी: देखभाल

भाच्याला दर महिन्याला फोन करा.

आज माझ्याकडची स्थिती अशी. कारकून कामावर आहे, चुका करतो, पण 'ज्वारी' लिहिलेलं दिसलं की मी मनात 'जवारी' वाचतो आणि मोजायला घेतो. एकमेकांची सवय झालीय. निरोप्याचं तोंड बंद केलंय, तो फक्त याद्या करतो आणि घंटा वाजवतो. अक्काचे मेसेज या दोघांनाही दाखवत नाही. रात्री शटर निम्मं ओढून मी ते पहिल्यापासनं शेवटपर्यंत ऐकतो. मुद्दा बहुतेक वेळा पाचव्या मिनिटाला येतो, कधी कधी येतच नाही.

बाकीच्यांना विनंती, मला बोलून निरोप पाठवू नका. चार शब्द लिहून पाठवा, नाहीतर दुकानातच या. सकाळी नऊ ते दीड आणि दुपारी चार ते आठ उघडं असतं. येताना घट्ट झाकणाचा डबा आणा; जवारी कागदात बांधून नेली तर गडहिंग्लज येईपर्यंत सगळी एसटी शिंकते.